कंडेन्सर कोणी लावला होता

दातांच्या डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाला माझी मुलगी सिनेमे बघत बसली म्हणून नापास झाली, असं आमच्या पाहुण्यांत आजही हसून सांगतात. ते खोटं आहे.

तिच्या वर्गातली पोरं जाड पुस्तकांच्या झेरॉक्सवर अभ्यास करायची. हिला ते पटेना. "आबा, झेरॉक्समदी समदं काळं. हिरडी कुठली आन् दात कुठला, कळत न्हाई," म्हणायची. म्हणून तिनं ती पुस्तकं सीडीवर आणली. परीक्षेआधीच्या सुट्टीत खोडदच्या मळ्यातल्या घरी जुना कम्प्युटर मांडून बसायची. पडद्यावर एकेक दाढ मोठी करून बघायची आणि तशीच मेणात कोरायची. खिडकीत दाढांची रांग लागली होती.

माझा मेव्हणा आला की दारातूनच सुरू व्हायचा. "दाजी, पुस्तक म्हंजी हातात धरायची वस्तू. ही तर टीव्ही बघती राव!" मीही हसायचो. मलाही तसंच वाटायचं.

तेव्हा लोडशेडिंग होतं. दिवसाचे काही तास घरातल्या दिव्यांपुरती एका फेजची वीज यायची. विहिरीवरची तीन फेजची मोटार त्यावर चालू नये, हाच त्यात हेतू होता. आम्ही मोटारीला कंडेन्सर जोडून ती त्या एकाच फेजवर चोरून चालवायचो. सगळं शिवार चालवायचं. मोटार लागली की घरातला बल्ब लाल पडायचा आणि तिचा कम्प्युटर बंद.

एका दुपारी ती विहिरीवर धावत आली. "आबा, थोडा येळ बंद ठेवा ना. पेपर तोंडावर आलाय."

"कांदा वाळला तर तुझं कॉलेज कशावर चालंल?" मी खेकसलो.

त्याच दुपारी भार न सोसून शिवारातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच, जळाली. ती पुण्याला परीक्षेला जाईपर्यंत नवी आली नाही. झेरॉक्स तिनं काढलीच नव्हती. पुस्तक त्या बंद डब्यात अडकलं. ती नापास झाली. कांदाही वाळला, पण कांद्याला कोणी हसलं नाही. मेव्हणा म्हणाला, "बगितलं? सिनेमे!" आणि मी मान डोलावली.

पुढच्या परीक्षेला ती पास झाली. आज ओतूरला तिचा दवाखाना आहे. मेव्हण्याच्या तोंडातली कवळीही तिनंच बसवली. त्याच कवळीनं परवा जेवताना तो माझ्या नातीला म्हणाला, "मोबाइलात वाचू नको गं, आईवानी नापास व्हशील!" माझी मुलगी ताटात बघत राहिली.

"कंडेन्सर मी लावला व्हता," मी ओरडलो. "डीपी आपण जाळली. ती अभ्यासच करत व्हती."

"तवा समदेच लावायचे, दाजी. त्यात काय एवढं?"

"मग इतकी वर्सं हिला एकटीलाच का हसलात?"

मुलीनं मान वर केली, पण मामाकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं.