दारावरचा नाग

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मोखाड्याकडच्या एका दवाखान्यात एका दारावर काढलेला नाग. साप चावलेल्याला सुई देतात त्या खोलीचं दार. मी ब्रश धरला, माझ्या बायकोनं, जमनीनं, रंगाचा डबा. सरकारी साहेबांनी दिलेल्या कागदावर फणा काढलेला नाग होता. मी तसाच उतरवला. चांगला उतरला, तेच वाईट झालं.

मी चौथी शिकलेला, सरकारी पाट्या रंगवणारा. जमनीला अक्षर येत नव्हतं. पण पाटी बरोबर की चूक, ते तीच सांगायची. पाटी लागली की खांबामागं उभी राहायची. म्हणायची, "तोंड बघू नको. पँटवाल्यानं विचारलं की सगळे समजलं म्हणतात. पाय बघ, कुठं जातात."

एसटी स्टँडच्या संडासावर मी फ्रॉकातली बाई काढली होती. "ही कुणाची पोर?" ती म्हणाली. "बाया बाहेर ताटकळल्यात. त्यांना वाटतं, शाळेच्या पोरींचं आहे." मग गुडघ्यापर्यंत लुगडं नेसलेली काढली. पाट्या खाली लावायलाही तिनंच शिकवलं. "डोक्यावर भारा असला की बाई वर बघते का रे? तुझ्या साहेबाच्या डोक्यावर एकदा मोळी दे."

त्या संध्याकाळी नागाचा रंग ओला असतानाच वांगणीची एक म्हातारी आली. दाराकडे बघितलं, चपला काढल्या, हात जोडले आणि मागं सरकली.

"बघितलेस पाय?" जमनी म्हणाली. "ही देवाची खोली झाली. चावलेला माणूस आत शिरायचा नाही. पुसून टाक."

"साहेबाचा कागद आहे."

"साहेबाला चावलाय का?"

"उद्या जव्हारला काम आहे. परवा बघू."

तिनं डब्याचं झाकण लावलं.  

दुसऱ्या दिवशी बांधावर गवत कापताना तिलाच नाग चावला. मी जव्हारला. निरोप एसटीच्या कंडक्टरकडून आला, तोही उशिरा. भावजयीनं तिला जीपमधून त्याच दवाखान्यात आणलं होतं. तोवर पापण्या मिटत आलेल्या, जीभ उचलत नव्हती. भावजय मला म्हणाली, "दारावर नागदेव होता, भाऊजी. तिथं कशी शिरू? पाया पडले आणि केसपेपरच्या रांगेत उभी राहिले."

जमनीनं हात उचलून त्या दाराकडे केला होता. भावजयीला वाटलं, तीही नमस्कार करतेय.

डॉक्टर म्हणाले, उशीर झाला. किती, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी तिला माती दिली.

सकाळी मी डबा उचलला तर लोक म्हणाले, "सुतकात कुठं चाललास?" मी म्हटलेला परवा उजाडला होता. दारावरचा नाग खरवडून काढला. त्या जागी, बराच खाली, एक पाय काढला. बाईचा. टाच फुटलेली, घोट्याच्या वर दोन लाल टिपके. ते नेमके कुठं होते, मला ठाऊक होतं.

मग खांबामागं जाऊन उभा राहिलो. कुणाच्या तोंडाकडे बघितलं नाही.