शमीम मॅडमचा पाय आणि अँबेसेडरचा दांडा

अँबेसेडर गेटच्या खांबाला नाक लावून उभी होती. बंपर वाकला होता, एका दिव्याची काच फुटली होती आणि शमीम मॅडम अजून स्टिअरिंगवरच बसल्या होत्या. त्यांचा मुलगा इम्रान चावी मुठीत धरून माझीच वाट बघत होता.

"इंजिन तुम्हीच बसवलं ना? मग आता गाडी नीट करा. शुक्रवारी गिऱ्हाईक येतंय, विकून टाकतो," तो म्हणाला. "अम्मी, अब बस हुआ. आपका पाँव चूकता है."

"पाँव चुकला नाही," मॅडम म्हणाल्या. "मी तो हलवलासुद्धा नाही. गाडीनं स्वतःहून रेस घेतली."

मॅडम हर्सूलला राहतात. निवृत्त शिक्षिका. गाडी त्यांच्या मिस्टरांची. ते गेल्यापासून बाजार, दवाखाना, पाचोडची बहीण, सगळीकडे त्या हीच गाडी घेऊन जातात. जुनं इंजिन पार खलास झालं होतं. म्हणून आमच्या गॅरेजनं दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन त्यात बसवलं. आरटीओची परवानगी आणि नोंद, सगळं रीतसर केलं. गाडी ताब्यात देऊन आठवडासुद्धा झाला नव्हता.

गाडी ओढून गॅरेजला आणली. आमचे मालक रावसाहेबमामा बंपरकडे बघून म्हणाले, "बाईमाणसाला जड गाडी झेपत नाय. पाय ठेवायचा ब्रेकवर, पडतो रेसवर. लई केसेस बघितल्या."

हे वाक्य मला सहन होत नाही. मी बजाजनगरात वाढलो. तिथल्या कारखान्यांत पत्रा दाबायच्या प्रेसखाली कुणाचं बोट गेलं, की 'कामगाराचं लक्ष नव्हतं' असं लिहून कंपनी मोकळी व्हायची. प्रेसचा सेन्सर चालू होता का, हे कुणी विचारायचं नाही. यंत्राचा तपास टाळायचा असला, की यंत्रासमोरच्या माणसावर बोट ठेवायचं. समोर बाई असली, तर तेवढेही कष्ट पडत नाहीत.

"मामा, गाडी तपासल्याशिवाय पाय चुकला असं आपण म्हणायचं नाही," मी म्हणालो.

"भाषण नको. सिद्ध कर."

आधी सोप्या गोष्टी बघितल्या. रेसचं पेडल दाबलं, की एक लोखंडी दांडा पुढं ओढला जातो आणि कार्बोरेटरमधली गोल झडप उघडते. जेवढी झडप उघडेल तेवढी हवा आणि पेट्रोल आत जातं, तेवढं इंजिन पळतं. पेडल सोडलं की स्प्रिंग झडप मिटवते. पेडल अडकत नव्हतं. स्प्रिंग धड होती. झडप पूर्ण मिटत होती. न्यूट्रलमध्ये पाहिजे तेवढी रेस केली, सोडली की इंजिन लगेच शांत. जटवाडा रोडला सपाटीवर चक्कर मारून आलो. गाडी लोण्यासारखी चालली.

"झालं समाधान?" मामा म्हणाले.

झालं नव्हतं. आम्ही दोघांनी गाडी आमच्या पद्धतीनं चालवली होती. जिच्या हातात ती उडाली, तिला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी मॅडमना फोन केला. त्या रिक्षा करून आल्या.

"मॅडम, घरून गाडी कशी काढता, ते जसंच्या तसं करून दाखवा."

"माझं घर रस्त्याच्या खाली आहे. गेटपासून चढ लागतो. मग हँडब्रेक ओढायचा, पहिला गिअर, थोडी रेस, क्लच अर्धा सोडायचा. गाडीनं जोर धरला की हँडब्रेक सोडायचा. म्हणजे गाडी मागं घसरत नाही. दौलताबादच्या घाटात शिकले मी."

मामा हसले. "अहो मॅडम, हँडब्रेक लावून कुणी रेस देतं व्हय? क्लच जाळाल."

"तुम्ही घसरत घसरत चढता, ते मी बघितलंय," मॅडम म्हणाल्या.

गॅरेजच्या मागं थोडा चढ आहे. तिथं गाडी लावली. चारही चाकांना मोठे दगड लावले. बॉनेट काढून बाजूला ठेवलं. मामा डाव्या सीटवर बसले, मॅडमच्या पायावर नजर ठेवून. मी बाजूला उभा राहून इंजिन बघत होतो.

मॅडमनी गिअर टाकला. थोडी रेस दिली. क्लच अर्धा सोडला. हँडब्रेकनं गाडी धरलेली, त्यामुळं इंजिनाचा जोर बाहेर पडायला वाट नव्हती. अख्खं इंजिन एका अंगाला कलंडलं. त्याबरोबर दांडा ताणला गेला, झडप आणखी उघडली, इंजिन गरजलं आणि आणखी कलंडलं. मागची चाकं दगडावर चढायला लागली.

"पाय बघा मामा, पाय!" मी ओरडलो.

"अरे हलला नाय! जागेवरच हाय! मॅडम, बंद करा, बंद करा!"

मॅडमनी चावी फिरवली. "आता चुकला का पाय?"

मामा उतरले, कपाळ पुसलं आणि वाकून दांडा बघायला लागले.

दोष आमचा होता आणि साधा होता. इंजिन रबराच्या बैठकीवर बसवतात, म्हणजे त्याची थरथर आत येत नाही. जोर पडला की ते थोडं कलंडतं. आधीच्या इंजिनाला दांडा अशा जागी जोडलेला होता, की कलंडण्याचा त्याच्यावर परिणाम होत नसे. नव्या इंजिनाचा कार्बोरेटर दुसऱ्या बाजूला होता. गाडीत जुनं तेवढं जुनंच ठेवायचं म्हणून मामांनी तोच दांडा वाढवून आडवा नेला होता. सपाटीवर हलक्या पायानं गाडी काढली, तर इंजिन जेमतेम हलतं आणि काही कळत नाही. मॅडम शिस्तीत चढावर गाडी काढायच्या, म्हणून त्यांनाच तो दोष भेटला.

"मामा, केबल टाकू."

"अँबेसेडरला केबल? मोपेड हाय का ती?"

"मोपेड उड्या मारत नाही."

मामांनी पाना माझ्याकडं फेकला. होकार असाच मिळतो.

केबल म्हणजे नळीतली तार, पेडलपासून झडपेपर्यंत. नळीचं एक टोक केबिनच्या पत्र्यावर पक्कं केलं. दुसरं टोक इंजिनावरच पट्टी बसवून तिला आवळलं. मधे नळीला सैल वळण ठेवलं. आता इंजिन कितीही डुललं तरी नळी त्याच्यासोबत डुलते, आतली तार ताणली जात नाही. झडपेला आणखी एक स्प्रिंग लावली, एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. पेडलखाली अडसर दिला, जोरात दाबलं तरी तारेवर ताण येऊ नये. बंपर आणि काच आम्हीच भरून दिली. ते मामांनी कुणी न सांगता केलं.

मग पुन्हा तोच चढ, तेच दगड, त्याच मॅडम. इंजिन कलंडलं. आवाज तसूभर वाढला नाही. दगड काढले. मॅडमनी हँडब्रेक सोडला आणि गाडी मुकाट्यानं चढ चढून गेली.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. मॅडमनी त्याला चहा पाजून परत पाठवलं. इम्रान आता आईशेजारी डाव्या सीटवर बसतो. दाराच्या वरची मूठ घट्ट धरतो म्हणे, पण बसतो.

इंजिन बदललेली कुठलीही गाडी मामा आता मागच्या चढावर हँडब्रेक ओढून बघितल्याशिवाय सोडत नाहीत. मी माझ्यापुरता एक नियम केला आहे. तक्रार आली की बॉनेट नंतर उघडायचं, आधी चालवणाऱ्याला स्टिअरिंगवर बसवायचं. आणि जे इंजिन रबरावर बसवलंय, त्याला कडक दांडा बांधायचा नाही.