माठाला बांधलेला सेन्सर

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी कॉम्प्युटर सांभाळायचो, तेव्हा नगरहून आलेला तो मेकॅनिक मी एकदाच पाहिला. आमचं जुनं मशीन तापलं की आपोआप बंद पडायचं. बाहेर उसाच्या गाड्या खोळंबायच्या आणि गाडीवान अंगावर धावून यायचे. म्हणून आमच्या वायरमनने उष्णता मोजणारा सेन्सर बाहेर ओढला आणि वायर वाढवून शेजारच्या गार माठाला बांधून टाकला. मशीन बंद पडायचं थांबलं. पण जळका वास यायला लागला आणि त्या खुर्चीत बसायची मला धास्तीच बसली.

मेकॅनिकने आधी पडद्यावरचा तापमानाचा आकडा वाचला; तो अगदी कमी होता. मग ताप बघावा तसा उलटा हात कॉम्प्युटरच्या डब्यावर ठेवला आणि झटकन मागे घेतला. आतला पंखा जेमतेम फिरत होता. वायरीचा माग काढत त्याची नजर माठापाशी थांबली. मला वाटलं, हसेल. त्याचा चेहराच उतरला.

"आतून भाजतंय, अन् वर म्हनतंय, मला काय झालं न्हाई," तो हळूच म्हणाला. "मला असल्याचीच लई भीती वाटती."

संध्याकाळी घरी आलो. आई कालपासून खाटेवर पडून होती.

"मला काय झालं न्हाई रे," ती म्हणाली.

तिच्या कपाळाकडे माझा हात उचलेना.