पुढचा पत्ता

लोरेटा पिकेटने तो ओव्हन तीन दिवस घासला. शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं काढलेले हात होते, घासण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. घरमालक ग्राबोव्स्कींना डिपॉझिटमधून एक डॉलरसुद्धा कापायला जागा ठेवायची नाही, एवढंच तिने मनाशी धरलं होतं.

डिपॉझिट होतं साडेसहाशे डॉलर, एकोणीस वर्षांपूर्वी दिलेलं. दोन वर्षं यादीत नाव लावून बसल्यावर टोलेडोतल्याच ज्येष्ठांच्या इमारतीत तिला एक खोली मिळाली होती, एक मेपासून. पण तीस एप्रिलच्या आत या डिपॉझिटमधून सहाशे डॉलर भरले नाहीत, तर खोली यादीतल्या पुढच्या माणसाला जाणार होती. हे घर मात्र ग्राबोव्स्कींनी विकायला काढलेलं, आणि गिऱ्हाइकाला ते एक एप्रिललाच रिकामं हवं होतं. मधला महिना कुठे काढायचा?

"मुलाकडे जातेय, कोलंबसला," असं तिने सगळ्यांना सांगितलं होतं.

फेब्रुवारीत तिने ड्वेनला फोन केला होता तो हेच विचारायला. तिने तोंड उघडायच्या आधीच तो म्हणाला, "आई, इथे फार ओढाताण चाललीय गं. जागासुद्धा पुरत नाही." मग तिने तिकडे बर्फ किती पडलाय ते विचारलं आणि फोन ठेवला.

एकतीस मार्चला ग्राबोव्स्की वही आणि टॉर्च घेऊन आले. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, शेजारच्याच घरात राहणारे.

"हा डाग?"

"तो मी यायच्या आधीचा, मिस्टर ग्राबोव्स्की. तुमच्या मेहुण्याने रंग सांडला होता."

"त्याने फक्त रंगच सांडला असेल तर नशीब माझं." त्यांनी ओव्हन उघडून आत टॉर्च मारला. "लोरेटा, यात तू कधी काही शिजवलंस की नाही? की एकोणीस वर्षं बाहेरच जेवत होतीस?"

"तुम्ही दर थँक्सगिव्हिंगला टर्की कुठली खाल्लीत मग?"

ते खुसखुसले. दिवाणखान्यात भिंतीवरची भोकं मोजली. "अकरा खिळे. एवढं काय टांगलं होतंस?"

"ड्वेनचे शाळेतले फोटो. वर्षाला एक."

वहीत त्यांनी काहीच लिहिलं नाही. मग एक कागद पुढे केला. "इथे पुढचा पत्ता लिही. लेखी हवा. तीस दिवसांच्या आत चेक पोस्टाने येईल."

"मीच येऊन नेला तर?"

"नाही बाई. मागचा भाडेकरू चेक हातात घेऊन गेला आणि मिळालाच नाही म्हणून कोर्टात उभा राहिला. तेव्हापासून वकिलाने सांगून ठेवलंय, जे काय द्यायचं ते पोस्टाने."

लोरेटाचं पेन थांबलं. हायवेलगतच्या मोटेलात तिने आठवड्याच्या भाड्याने खोली ठरवली होती. पण तिथली बाई आधीच म्हणाली होती, "पाहुण्यांची टपालं आम्ही घेत नाही. हरवली की बोलणी आम्हालाच." पोस्टात पेटी घ्यावी, तर तिथेही आधी राहण्याचा पत्ता मागतात. शेवटी दर नाताळात कार्डावर लिहून पाठ झालेला ड्वेनचा पत्ता तिने लिहिला.

"मजा आहे तुझी," ग्राबोव्स्की म्हणाले. "आमची पोरं फोनवर 'हं, हं' करतात आणि तिकडे टीव्ही बघत बसतात."

"ड्वेन ऐकतच नव्हता," ती म्हणाली. "ये म्हणजे येच."

किल्ल्या त्यांच्या हातात देताना तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

पत्र येईल ते इकडे पाठव, हे ड्वेनला त्याच संध्याकाळी सांगायचं होतं. पण 'इकडे' म्हणजे कुठे, असं त्याने विचारलं तर? उद्या सांगू, परवा सांगू करत दिवस गेले. मोटेलची खोली एकशे चौदा. रात्रभर ट्रक, आणि भिंतीपलीकडे बर्फाचं मशीन धडधडायचं. संध्याकाळी ती धुवायला काही नसलं तरी कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसे, कारण तिथे माणसं येत. एकदा एका बाईने सुटे पैसे मागितले आणि मग अर्धा तास आपल्या गुडघ्यांबद्दल सांगत बसली. दुसऱ्या दिवशी लोरेटा तिच्यासाठी बिस्किटं घेऊन गेली. ती बाई सकाळीच निघून गेली होती.

सत्तावीस एप्रिलला मात्र फोन करावाच लागला.

"आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे रे. माझ्या नावाचं एक पत्र आलंय का तुझ्याकडे?"

"तुझ्या नावाचं? माझ्याकडे कशाला येईल?"

"ग्राबोव्स्कींना मी तुझा पत्ता दिला होता. हॅझेल स्ट्रीटचा."

"आई, ते घर आम्ही ऑक्टोबरात सोडलं."

"पण नाताळचं कार्ड मिळालं म्हणालास."

"मिळालं ना. माझ्या नावाचं टपाल पोस्टवाले नव्या घरी आणून देतात. तुला सांगायचं... राहूनच गेलं गं."

"असू दे रे."

त्याच्या नावाचं सगळं त्याला मिळत होतं. तिच्या नावाचं तिथे कोणी नव्हतंच, ना जुन्या घरी ना नव्या.

"तू कुठे आहेस नक्की?" त्याने विचारलं.

"टोलेडोतच. खालच्या मजल्यावरचं कोणीतरी दार वाजवतंय, ठेवते हं," असं म्हणून तिने फोन ठेवला. मोटेलला वरचा मजलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती ग्राबोव्स्कींकडे गेली. त्यांची बायको हालिना बीटाचं सूप ढवळत होती. टेबलावर लोरेटाच्या नावाचं पाकीट, वर पोस्टाची पिवळी चिठ्ठी.

"परत आलं बघ काल! मी हालिनाला म्हटलंसुद्धा, बाईला पोटच्या पोराचा पत्ता येईना. सांग बरोबर पत्ता, आजच टाकतो."

आज टाकलं तर परवाच्या आत कुठेच पोचणार नव्हतं. गाडीत येताना तिने दोन-तीन गोष्टी रचल्या होत्या. त्यातली एकही ओठांवर येईना.

"हातातच द्या, मिस्टर ग्राबोव्स्की. मला पत्ता नाही."

"म्हणजे?"

"मी गेलेच नाही कोलंबसला. त्याने बोलावलं नव्हतं. महिनाभर मोटेलात आहे."

हालिनाने गॅस बंद केला. ग्राबोव्स्की चिडूनच म्हणाले, "मोटेलात? अगं, घर रिकामं पडलंय! त्या माणसाला बँकेने कर्जच दिलं नाही. दोन एप्रिललाच कळलं. नळ गोठू नयेत म्हणून मी तिथे रोज हीटर चालवतोय, आणि चोर येऊ नयेत म्हणून दिवा लावतोय!"

लोरेटाने खिडकीतून पाहिलं. भर दुपारी तिच्या स्वयंपाकघरात दिवा जळत होता.

"तू मुलाकडे सुखात असशील असं वाटलं," हालिना म्हणाली. "म्हणून नाही कळवलं."

पोच लिहून घेऊन ग्राबोव्स्कींनी पाकीट दिलं. पूर्ण साडेसहाशे. मग किल्ली पुढे केली. "दोन दिवस तरी राहा."

"नको. मोटेलचे पैसे शनिवारपर्यंत भरलेत."

दोघांनीही आग्रह केला नाही. हालिनाने बरणीत सूप भरून दिलं. चेक बँकेत वटवून लोरेटा थेट इमारतीच्या ऑफिसात गेली, सहाशे डॉलर भरले, पावती घेतली.

संध्याकाळी मोटेलात तिने सूप गरम केलं आणि उभ्यानेच प्यायलं. फोनमध्ये ड्वेनचा नवा पत्ता येऊन पडला होता. त्याखाली एक ओळ होती: 'कुठे आहेस ते सांग ना.'

'मजेत आहे' असं तिने लिहिलं आणि पुसलं. मग मोटेलचं नाव लिहिलं, रस्ता लिहिला, खोली एकशे चौदा लिहिलं. पाठवायच्या आधी तिने ते दोनदा वाचून पाहिलं, बटण दाबलं, आणि फोन मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसून राहिली.