साडभाऊंना सापडलेला माणूस

जगात कुठेही कोणी चांगला फोटो काढला, चित्र रंगवलं किंवा साबणाच्या वेष्टनावर चार अक्षरं नीट बसवली, की ती बातमी सगळ्यात आधी मुकुटबनला पोचते, असं माझं पक्कं मत झालं आहे. मुकुटबनला म्हणजे आमच्या साडभाऊंकडे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान चालवतात. चालवतात म्हणजे दुकान आपलं आपण चालतं आणि हे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून डोक्यावरून दुपट्टा ओढून घेतात, आणि मग त्या तंबूतून एकच शब्द बाहेर येतो, "सापडलं." गिऱ्हाईक युरिया मागत असतं. "थांब गा, युरिया कुठी पळून नाही चालला, आधी हे धुकं पाह्य," असं म्हणून ते त्याला कुठल्याशा परदेशी बाईनं टिपलेलं धुकं दाखवतात. गिऱ्हाईकही बिचारं एक डोळा मिटून बघतं, कारण चित्र एका डोळ्यानं पाहावं असा साडभाऊंचा दंडक आहे.

एकदा बसनं वणीला लग्नाला निघाले आणि बिस्किटाच्या पुड्यावरचं चित्र पाहता पाहता वणी मागे टाकून पुढे गेले. मांडवात पोचले तेव्हा पंगती उठत होत्या. जेवणाचं त्यांना काही वाटलं नाही, त्यांनी नवरदेवाला बाजूला घेऊन तो पुडा दाखवला.

या सगळ्याचं मला कौतुक वाटायला हवं, पण खरं सांगतो, मी जळतो. त्यांना सापडलेल्या प्रत्येक माणसावर जळतो. कारण मी नागपूरला रीतसर चित्रकला शिकलेला माणूस आहे, पांढरकवड्यात माझं फ्लेक्सचं दुकान आहे, आणि इतक्या वर्षांत मी काही त्यांना सापडलो नाही. मागच्या दिवाळीला त्यांच्या दुकानासाठी मी खपून एक कॅलेंडर केलं. त्यांनी एक डोळा मिटला, उघडला, कागद बोटांनी चाचपला आणि म्हणाले, "छपाई साफ हाय जी." त्याच संध्याकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर कोण्या जपानी पोरानं काढलेली मांजर आली, खाली "सापडलं." त्या मांजरीचा मला आजही राग आहे.

यंदा सोयाबीन निघालं तेव्हा त्यांचा फोन आला. "आपल्या झरीकडेच सापडलं जी. तुमी याच." गेलो. दुकानाच्या भिंतीवर, माझं कॅलेंडर उतरवून त्या जागी, एक मळका, कोपरा फाटलेला फ्लेक्स टांगला होता. कोण्या वावरात सोयाबीनच्या गंजीवर पांघरलेला होता म्हणे. यांनी शेतकऱ्याला दुकानातली कोरी ताडपत्री दिली आणि हा उचलून आणला. कबड्डीच्या सामन्यांचा फ्लेक्स. त्यावर फक्त 'कबड्डी' हा शब्द, आणि अक्षरंच खेळत होती. 'क' चढाईला गेलेला, 'ब' त्याच्या अंगावर झेपावलेला, आणि जोडाक्षरातल्या दोन्ही 'ड'नी मिळून 'क'चा पाय धरलेला.

मी दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहत राहिलो. तो फ्लेक्स माझा होता. दुकान टाकलं त्या पहिल्या वर्षीचा. सामने भरवणारे तेव्हा म्हणाले होते, "अक्षरं कायले खेळवली? आमचे फोटो कुठी हायत?" त्यानंतर मी चेहरेच बसवत आलो. वर नेता, खाली काळे चष्मे घातलेले शुभेच्छुक.

"याचा हात पाहा," साडभाऊ म्हणत होते. "हे काढतानी तो माणूस किती हासला असन. तुमी तर त्याच धंद्यात हाय, तुमाले शिकाले भेटन."

ज्या शब्दासाठी मी इतकी वर्षं झुरलो तो समोर ताटात वाढलेला होता. मी तोंड उघडलं. पण सांगितलं असतं, तर ते लगेच म्हणाले असते, मग आणखी एक काढा न जी. आणि कशाची भीती वाटली म्हणाल, तर त्याचीच वाटली. भिंतीवरचा तो फ्लेक्स काढणाऱ्या माणसाचा मला जपानी पोराहूनही जास्त हेवा वाटला.

"माहीत नाही बा कोणाचं हाय," मी म्हणालो. "पत्ता लावा न त्याचा," ते म्हणाले.

हल्ली दुकान बंद करण्याआधी मी कागद पुढे ओढून घेतो. एखादं अक्षर काढतो, ते काही केल्या जागचं हलत नाही. दर रविवारी साडभाऊंचा फोन येतो.

"सापडला का जी तो माणूस?"

"शोधून राह्यलो, भाऊ," मी सांगतो.