आजोबा वाटणारी फणीबाई

फणीबाईंना राग आला की तो आधी हातात उतरायचा, तोंड नंतर सुटायचं. म्हणून त्यांनी स्वतःला एक शिस्त लावून घेतली होती: राग आला की फणी टेबलावर ठेवायची. समोर चार पायांवर जो उभा असेल त्याचे केस ओढले जाता कामा नयेत. त्याचा काय दोष? दोन पायांवर उभे असलेल्यांचं मग सावकाश बघून घेता येतं.

त्यांचं दुकान एका मोठ्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. दोन टब, रबराची चटई घातलेलं एक उंच टेबल, केस वाळवायचं एक यंत्र, आणि सुट्टीच्या दिवशीही न जाणारा ओल्या कुत्र्याचा वास. कुत्र्यांची आंघोळ, नखं, कान, केस, सगळं इथे व्हायचं. हाताखाली लेक होती. ती साबण लावायची, टॉवेल धरायची, आणि आईचं तोंड सुटलं की गिऱ्हाइकाला हळूच बाहेरच्या बाकावर नेऊन बसवायची.

पण निम्मी गिऱ्हाइकं आंघोळीसाठी येतच नसत. ती यायची आजोबा न्यायला.

इमारतीतले बहुतेक कुत्रे सरमिसळ होते. कुणी रस्त्यावरून उचललेला, कुणी कुणाच्या मोटारीखाली सापडलेला. आईचा पत्ता नाही, बापाचं तर नावच काढू नका. मालक मात्र टेबलाशी घुटमळत विचारणारच, "फणीबाई, यात काय काय असेल हो?" मग फणीबाई कुत्र्याची हनुवटी उचलायच्या, कान उलटा करून बघायच्या, शेपटीवरून हात फिरवायच्या आणि डोळे बारीक करून बोलायला लागायच्या. कान लॅब्राडोरचे आहेत. छाती बघा, ही शिकारी हाउंडची. आणि हे मिशांचं प्रकरण आहे ना, ते टेरियरकडून आलंय, म्हणून तर झोपेत पण हुज्जत घालतो. मालक खूश. जाताना पट्टा जरा ताठ धरलेला असायचा.

खरी गंमत अशी की फणीबाई कुत्र्याकडे बघतच नसत. त्या मालकाकडे बघायच्या. एकटी राहणारी बाई आली की तिच्या कुत्र्याच्या अंगात राखणदार निघायचा. नवश्रीमंत आला की कुत्र्याची पणजी एखाद्या राजवाड्यात लोळलेली असायची. चिक्कू माणसाच्या कुत्र्याच्या घराण्यात कमी खाण्याची परंपरा असायची. लेक आत टॉवेल पिळता पिळता हसायची. गिऱ्हाईक गेलं की म्हणायची, "आई, आज किती आजोबा वाटलेस?"

"आपल्या पदरचं काय जातंय," फणीबाई म्हणायच्या.

खरं तर त्यांना कळायला हवं होतं काय जातं ते. ही लेक जन्मली तेव्हा पाळण्याभोवती असाच बाजार भरला होता. डोळे आत्याचे, कपाळ आजोबांचं, हनुवटी हिच्या मावशीची. सासूबाईंनी पाळण्यात वाकून पाहिलं. मग म्हणाल्या, "नाक मात्र आमच्यात कुणाचं नाही." एवढंच. पण त्या एका वाक्यावर नवऱ्याने सुतावरून स्वर्ग गाठला. पुढची दोन वर्षं तो तान्ह्या पोरीच्या नाकाकडे पोलिसासारखा बघत राहिला. शेवटी फणीबाई पोरीला कडेवर घेऊन निघाल्या त्या परत गेल्याच नाहीत. बायकांच्या पार्लरमध्ये केस झाडण्यापासून सुरुवात केली. माणसांच्या डोक्यांचा कंटाळा आला तेव्हा कुत्र्यांकडे वळल्या. नाकाचा विषय घरात कुणी काढला तर त्या अजून फणी खाली ठेवत. आणि तरीही दिवसभर अंदाजांचं दुकान चालवत. माणूस आपलं दुखणं कुठे आणि कसं विकेल, काही सांगता येत नाही.

इमारतीतच समोरच्या बाजूला चष्मेवाल्यांचं दुकान होतं. माणूस इतका भिडस्त की गिऱ्हाइकाने उलटा चष्मा घातला तरी "शोभतोय" म्हणेल. बायको गेल्यावर त्यांनी एक पिल्लू आणलं होतं, मातकट रंगाचं. बसवलं तिथे बसून राहायचं, म्हणून नाव ठेवलं ढेकूळ. वाढून ते चांगलंच दांडगं झालं, पण स्वभाव नावासारखाच राहिला. मांजर दिसली की मालकाच्या पायामागे.

एकदा ढेकळाची नखं कापताना चष्मेवाल्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तोही चोरून विचारल्यासारखा. फणीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. वाकलेले खांदे, गळ्यात दोरीला लोंबणारा चष्मा, लिफ्टमध्ये सगळे चढून गेल्यावर उरलेल्या जागेत उभा राहणारा माणूस. त्यांना काय द्यायचं ते फणीबाईंना तत्काळ कळलं. ढेकळाचा जबडा दोन्ही हातांत धरून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "कुणाला सांगू नका. यात झुंजीच्या कुत्र्याचं रक्त आहे. पेटला तर आवरणार नाही. पण तुमचं ऐकेल."

चष्मेवाल्यांचे खांदे तिथल्या तिथे दोन बोटं वर आले. लेकीने आतून ते पाहिलं आणि त्या दिवशी ती हसली नाही.

आणि कुणाला न सांगायची गोष्ट ते कुणाला तरी सांगणारच होते. महिनाभरात एका सकाळी लिफ्टमध्ये इमारतीच्या अध्यक्षांची सून आत शिरली. ढेकूळ दचकून एकदा भुंकला. ती म्हणाली, आवरा हो याला. एरवी चष्मेवाले माफी मागत जिन्याने गेले असते. त्या दिवशी ते म्हणाले, "जरा बाजूला व्हा. याच्यात झुंजीचं रक्त आहे. फणीबाईंनी सांगितलंय."

संध्याकाळी फळ्यावर सूचना लागली. झुंजार जातीचे किंवा त्यांच्या मिश्र रक्ताचे कुत्रे इमारतीत ठेवता येणार नाहीत. ढेकळाचं काय करायचं ते रविवारच्या बैठकीत ठरणार होतं. ठरायचं काय होतं? अध्यक्षांनी महापालिकेच्या कुत्रे पकडणाऱ्या गाडीला आधीच फोन करून ठेवला होता.

चष्मेवाले दुकानात आले तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली होती. फणीबाई एका केसाळ कुत्रीच्या गाठी सोडवत होत्या. ऐकून घेतलं, फणी खाली ठेवली, आणि त्यांच्यावरच सुटल्या. कुणाला सांगू नका म्हटलं होतं ना? तोंडाला कुलूप लावता येत नाही? लिफ्टमध्ये मर्दुमकी गाजवायला निघालात. चष्मेवाले मान खाली घालून ऐकत राहिले. ढेकूळ त्यांच्या पायामागे बसून राहिला.

लेकीने साबणाचे हात पुसले. "त्यांच्यावर काय ओरडतेस? बोललं कोण?"

"तू गप्प बस."

"आजीनेही एकच वाक्य म्हटलं होतं, आई."

 फणीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण ती काढायला जागा नव्हती. त्या दिवशी उरलेल्या गाठी लेकीने सोडवल्या.

रविवारी तळमजल्याच्या सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. निम्मं सभागृह फणीबाईंच्या गिऱ्हाइकांनी भरलेलं. अध्यक्ष हे निवृत्त साहेब, अजूनही सहीचं पेन खिशाला लावून फिरणारे. त्यांनी फणीबाईंना पुढे बोलावलं, खुर्ची दिली, त्यांच्या अनुभवाचं कौतुक केलं, आणि म्हणाले, तुम्ही यांना जे सांगितलंत तेच फक्त सगळ्यांसमोर सांगा.

"ते खोटं होतं," फणीबाई म्हणाल्या.

अध्यक्ष हसले. समजू शकतो, म्हणाले, शेजारधर्म असतो. पण इमारतीच्या सुरक्षेचा प्रश्न आहे. तज्ज्ञाने पहिल्यांदा जे सांगितलं तेच आम्ही धरणार.

हा समजूतदारपणा फणीबाईंना शिवीपेक्षा झोंबला. टेबलावर ठेवायला हातात फणीही नव्हती. त्या उठून उभ्या राहिल्या.

"साहेब, तुमच्या कुत्र्याचे, त्या मेजरचे आजोबा पोलिसात होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच. जर्मन शेफर्ड."

"का सांगितलं, ठाऊक आहे? तुम्ही नुकते निवृत्त झाला होतात. दुकानात आलात, तर कुणी खुर्ची दिली नाही म्हणून तुमचा चेहरा उतरला. मी तुमच्याकडे बघून सांगितलं, मेजरकडे बघून नाही. मेजरचे कान उभे आहेत, एवढंच. सशाचेही असतात."

मागे कुणीतरी खुदकन हसलं. फणीबाई तिकडे वळल्या. हसताय काय, म्हणाल्या, तुमच्या त्या लोळणाऱ्या कुत्रीची पणजी राजवाड्यात होती ना? ती राजवाड्यातली पणजी मी या इमारतीत तिघांना दिली आहे, विचारा एकमेकांना. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई, तुमचा राखणदार. तो राखणदार नाही, त्याला ऐकू कमी येतं, म्हणून तो उशिरापर्यंत दाराशी बसतो. एकेकाकडे बोट दाखवत त्यांनी दिलेले आजोबा परत घेतले. आवाज चढलेला, केस सुटलेले. आपण आपल्याच दुकानाला काडी लावतोय हे त्यांना कळत होतं, आणि थांबणं त्यांच्या हातात नव्हतं.

"कान, शेपूट बघून रक्त कळत नाही. मला कळत नाही, आणि तुमच्यातल्याही कुणाला नाही. माझा शब्द खरा धरायचा तर सगळ्यांचा धरा. खोटा धरायचा तर सगळ्यांचा. एकाला शेफर्ड ठेवायचा आणि एकाला गाडीत घालायचं, हे मी चालू देणार नाही."

एकच गलका झाला. आम्ही विश्वास ठेवला, आम्ही पाहुण्यांना सांगितलं, आम्ही कुत्र्याचा वाढदिवस त्या जातीला चालतं तेच खाऊ घालून केला. ढेकळाचा विषय सगळे विसरले. शेवटी जांभई देत चिटणीस म्हणाले, चावला तर बघू. फळ्यावरची सूचना कुणीतरी काढली. अध्यक्ष पेन खिशाला नीट लावत निघून गेले. गिऱ्हाइकांपैकी फणीबाईंशी कुणी बोललं नाही.

चष्मेवाले जिन्यापाशी थांबले होते. आभार मानतील असं फणीबाईंना वाटलं.

"म्हणजे यात काहीच नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"होतं ना. आई होती, बाप होता. मी तिथे नव्हते."

"तसं नाही." ते ढेकळाच्या डोक्यावर हात फिरवत राहिले. "लिफ्टमध्ये मी कुणाला तरी बाजूला व्हा म्हणालो, फणीबाई. जन्मात पहिल्यांदा."

ते जिन्याने वर गेले. लिफ्ट खालीच उभी होती. फणीबाईंनी लिफ्टच्या दाराला लाथ घातली, आणि पाय दुखला म्हणून आणखी चिडल्या.

पुढे दुकान ओस पडलं. लोक कुत्र्यांना दोन गल्ल्या पलीकडे नेऊ लागले. तिथला पोरगा म्हणे चित्रांचं पुस्तक उघडून कुठली जात किती ते अगदी टक्क्यांत सांगायचा. चष्मेवालेही येईनात. लेकीने एका टबात कपडे भिजवायला सुरुवात केली. फणीबाई रिकाम्या टेबलाशी बसून फणीचे दात मोजल्यासारखं करायच्या आणि कुणी आलंच तर दारातच बजावायच्या, आंघोळ मिळेल, आजोबा मिळणार नाहीत.

पावसाळा सरता सरता ढेकूळ कुठल्याशा गटारात लोळून आला. वास असा की चष्मेवाल्यांचा नाइलाज झाला. ते आले, कोपऱ्यात उभे राहिले. फणीबाईंनी ढेकळाला टबात घेतलं, दोनदा साबण लावला.  आंघोळ झाली, ढेकूळ ओलाच खाली उतरला, आणि त्याच वेळी दारात अध्यक्ष उभे. बरोबर मेजर, पोटाखाली केसांच्या गाठीच गाठी. टक्केवारी सांगणाऱ्या पोराला गाठी सोडवता येत नव्हत्या.

अध्यक्ष दार अडवून उभे राहिले. आधी मेजरला घ्या, म्हणाले, मला घाई आहे.

फणीबाईंनी फणी खाली ठेवली. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत कोपऱ्यातून आवाज आला. खालच्या पट्टीतलाच होता, जरा कापराही.

"बाजूला व्हा. आमचं अजून व्हायचंय."

"काय म्हणालात?"

"बाजूला व्हा म्हणालो. ओला आहे तो."

अध्यक्ष काही बाजूला झाले नाहीत. मग ढेकळाने चारी पाय रोवले, नाकापासून शेपटीपर्यंत अंग झटकलं, आणि साहेब पेनासकट भिजले. लेक टॉवेलात तोंड खुपसून हसत होती. फणीबाई हसल्या नाहीत. त्यांनी दुसरा टॉवेल उचलला, तो अध्यक्षांकडे नेता नेता वाटेत विचार बदलला, आणि ढेकळाचे कान पुसायला घेतला.