स्पॅनिशमधला ‘या’

चिखलीच्या स्टँडवर गाडी लागली तेव्हा मी आईला म्हणाले, "जाते."

"जातो नाही म्हनू वं. येतो म्हन." आमच्याकडे बायाही ‘येतो’च म्हणतात.

मागून लोक चढत होते, पिशव्या लागत होत्या. चार माणसांत मोठ्याने बोलणं मला कधी जमलं नाही. खिडकीतून म्हणू, असं ठरवलं. जागा मिळाली ती पलीकडच्या खिडकीची; म्हणायचं राहूनच गेलं.

आता मी स्पेनमध्ये, वालेन्सियात राहते. शिकायला आले होते, मग नोकरी लागली. पिलार नावाच्या म्हाताऱ्या बाईंकडे खोली घेतली आहे. इथे दिवसभर कानावर पडतो तो शब्द म्हणजे ‘या’. माझी शाळा इंग्लिश मीडियम, त्यामुळे स्पॅनिशही इंग्रजीतूनच शिकले. पुस्तकात ‘या’ म्हणजे ऑलरेडी. पण हाक मारली की पिलार स्वयंपाकघरातून ओरडतात, ‘या वोय!’, म्हणजे ‘येते’, आणि येत मात्र नाहीत. यात ऑलरेडी कुठे?

मग चिखलीजवळच्या अमडापूरचं आमचं घर आठवलं. दारातून कोणी हाक मारली की आई गॅससमोरून न हलता म्हणायची, "आली, आली!" भाकरी अजून तव्यावरच, आणि ही आलेलीसुद्धा. शब्द मला तिथे कळला. घराबाहेर पडलेल्या सगळ्यांचं असंच होतं का, ठाऊक नाही.

तेव्हापासून मी तो सढळ वापरते. काम झालं की ‘या एस्ता’. समोरचा बोलत असला की नुसतं ‘या, या’, म्हणजे हो, कळतंय. कमी बोलणारीला फार सोयीचा.

एका रविवारी आईशी व्हिडिओ कॉल चालू असताना पिलार काही सांगायला आल्या. मी ‘या, या’ करत राहिले. तिकडे आईने घाईने पदर सावरला.

"पाव्हने आले का वं? कोनाले या या करून राह्यली?"

मी हसत सांगितलं, इथे ‘या’ म्हणजे आता, झालंच. पुढे ‘नो’ लावलं की पूर्वी होतं, आता नाही.

"मंग कोनी तुले इचारलं, अमडापूरले राह्यते का, तं काय म्हनशीन?"

‘या नो.’ ऑफिसात हे उत्तर मी सहज देते, व्याकरणही बरोबर असतं. आईला देता येईना.

तीच म्हणाली, "राहू दे. दिवाळीले या मंग. तुह्या भाषेतलं या."

ती गंमत करत होती. पण आमच्या घरी ‘या’ पाहुण्यांना म्हणतात. घरच्याला ‘ये’.

"आई, मले या नको म्हणू. ये म्हण."

शाळेने पुसलेलं ‘मले’ कुठून आलं, कोण जाणे.

"ये न मंग. पन तू बी म्हन. स्टँडवर राह्यलं तुहं."

पिलार दारातच उभ्या होत्या. तरी मी मोठ्याने म्हणाले, "येतो, आई."